खुरपीचा हंगाम : काशी-सारनाथच्या उत्खननांतले हात

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण 1953-54 पासून ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ हे वार्षिक काढते. त्याच्या अंकावर एक साल नसते, जोडसाल असते. खोदकामाचा हंगामही असाच दोन सालांत विभागलेला. पाऊस ओसरला, जमिनीला वाफसा आला की आश्विन-कार्तिकात खुंट्या ठोकल्या जातात आणि वैशाखाच्या उन्हात चर बुजवायला घेतात. वाराणसीत हे वेळापत्रक गंगा ठरवते. तिथे धोक्याची पातळी 71.262 मीटर धरतात. गंगा त्या पातळीकडे चढू लागली की वरुणा नदीचे पाणी मागे रेटले जाते आणि काठच्या वस्त्या पाण्याखाली जातात. जुन्या काशीचे, राजघाटचे टेकाड उंच आहे, पण भिजलेल्या मातीत खोल चर उभा राहत नाही, भिंत खचते. म्हणून सगळे थांबतात आणि सगळ्यांत आधी थांबते ती रोजंदारी.

उत्खननाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. काय सापडले, कुणी शोधले, किती जुने ठरले, हे आपल्याला माहीत असते. पण जो माणूस पाच-सहा महिने चरात उकिडवा बसून खुरपीने थर सोलतो, त्याच्या कामाचा आढावा कुणी घेत नाही. तो घ्यायचा तर काशीइतके योग्य ठिकाण नाही. दोनशेहून अधिक वर्षांत तिथल्या मातीत कुदळ अनेकदा चालली आणि प्रत्येक वेळी मजुराला काय आणायला सांगितले होते, त्यावर पुढचे सारे ठरले.

सुरुवात 1794 पासून करू. बनारसचे राजे चेतसिंह यांचे दिवाण म्हणून ओळखले जाणारे जगतसिंह यांना शहरात बाजार बांधायचा होता. विटा आणि दगड हवे होते, म्हणून त्यांनी सारनाथचा धर्मराजिका स्तूप फोडायला लावला. मजुरांना विटा काढायच्या होत्या, त्या त्यांनी काढल्या. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक लागला. त्याच्या आत संगमरवरी करंडक होता आणि त्यात अस्थी व मोती होते. अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. बनारसचे रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी या घटनेची माहिती एशियाटिक सोसायटीला कळवली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग चाळीस वर्षांनी घडला. 1835 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम सारनाथला आले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. शेजारच्या सिंहपूर गावचा एक म्हातारा त्यांना भेटला. कनिंगहॅमच्या इंग्रजी लेखनात त्याचे नाव संकर असे वाचायला मिळते. लहानपणी तो जगतसिंहांच्या खोदकामावर मजूर होता. आतला करंडक ‘बडे साहेबां’कडे गेला, पण बाहेरची दगडी पेटी जागच्या जागीच सोडली होती, हे त्याला आठवत होते. त्याने जागा दाखवली. कनिंगहॅमनी तिथे खणले आणि पेटी मिळाली.

धर्मराजिका स्तूपाची आज फक्त गोल बैठक उरली आहे. तिच्या गर्भात काय होते आणि कसे ठेवले होते, याचा एक साक्षीदार हा रोजावरचा मजूर होता. त्याच्याकडे वही नव्हती, नकाशा नव्हता. जिथे आपले हात राबले ती जागा त्याने चाळीस वर्षे लक्षात ठेवली. सारनाथच्या संशोधनाचा इतिहास सांगताना कनिंगहॅमच्या आधी या माणसाचे नाव घ्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची पन्नास-साठ वर्षे मात्र शिकण्याची नव्हती. 1851-52 मध्ये मेजर मार्कहॅम किट्टो यांनी खोदले. एकीकडे असे खोदकाम चालू होते, तर दुसरीकडे सारनाथच्या कितीतरी मूर्ती वरुणेवरच्या पुलाला पाण्याच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी नदीत टाकल्या गेल्या. मूर्ती उचलणारे हात आणि मूर्ती शोधणारे हात एकाच परिसरातल्या माणसांचे असणार. फरक हुकमात होता.

1904-05 च्या हिवाळ्यात सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते एफ. ओ. ओर्टेल यांनी मोठे उत्खनन केले. त्यात अशोकस्तंभाचा बुंधा जागेवर उभा सापडला आणि त्याच्या जवळच चार सिंहांचे स्तंभशीर्ष मिळाले. उंची सुमारे सात फूट, चुनारचा वालुकाश्म, त्यावर ती प्रसिद्ध झिलई. धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली गुप्तकालीन बुद्धमूर्तीही याच हंगामातली. 1910 मध्ये तिथेच संग्रहालय उभे राहिले. 26 जानेवारी 1950 पासून ते सिंह आपले राजचिन्ह आहेत; नोटांवर, नाण्यांवर, पासपोर्टवर ते दिसतात. ही गोष्ट सांगताना आपण ओर्टेल यांचे नाव घेतो. दगडावर पहिली कुदळ वाजली तेव्हा ती थांबवली कुणी, हे विचारत नाही. झिलई केलेल्या दगडावर दुसरा घाव पडला असता तर काय झाले असते, याचा विचार खोदकामावर उभ्या राहिलेल्या कुणालाही अस्वस्थ करील.

ओर्टेल यांच्यानंतर जॉन मार्शल, हारग्रीव्ह्ज आणि 1917 ते 1922 या काळात दयाराम साहनी यांनी सारनाथला काम केले. सर्वेक्षणाने 2013-14 मध्येही तिथे पुन्हा खोदले.

राजघाटची कथा वेगळी आहे आणि मला ती जास्त बोलकी वाटते. गंगा-वरुणा संगमाजवळचे हे टेकाड म्हणजे जुनी काशी. आपल्याकडे गावाबाहेर पांढरीची टेकाडे असतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांची माती साचून उंच झालेली. राजघाट ही तशीच, फार मोठी पांढर. 1940 मध्ये काशी स्टेशनच्या विस्तारासाठी रेल्वेने तिथली माती उपसायला घेतली. मातीकामात पैसा मिळतो तो किती माती हलली याचा; तीत काय होते याचा नाही. मृण्मूर्ती, मुद्रा, मणी यांचा खच निघू लागला आणि बाजारात जाऊ लागला. राय कृष्णदासांच्या भारत कला भवनात आज राजघाटच्या ज्या देखण्या मृण्मूर्ती दिसतात, त्या या उपशातून वाचलेल्या. वस्तू वाचल्या, पण त्या कोणत्या थरातल्या, कशाच्या शेजारी होत्या, हे कायमचे गेले. त्याच वर्षी सर्वेक्षणाचे कृष्ण देव यांनी चाचणी चर घेतले. पुढे 1957-58 मध्ये आणि नंतर साठच्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयाने ए. के. नारायण यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर उत्खनन केले. तेव्हा इ. स. पू. 800च्या आसपासपासूनची वस्ती थराथराने समजली.

इथे एका मराठी माणसाचा उल्लेख करायलाच हवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकवे गावचे डॉ. अनंत सदाशिव अळतेकर याच विश्वविद्यालयात प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती विभागाचे प्रमुख होते. बनारसच्या इतिहासावर त्यांनी 1937 मध्ये पुस्तक लिहिले. नंतर पाटण्याच्या जायस्वाल संशोधन संस्थेतून त्यांनी कुम्राहार आणि वैशाली इथे उत्खनन केले. वैशालीच्या मातीच्या स्तूपात 1958 मध्ये अस्थिकरंडक मिळाला. जगतसिंहांच्या मजुरांपुढे आलेला प्रसंग आणि हा प्रसंग जवळजवळ सारखाच. या वेळी अस्थी नदीकडे गेल्या नाहीत, कारण चरातल्या प्रत्येकाला कुठे थांबायचे ते माहीत होते.

हे थांबणे शिकावे लागते. मॉर्टिमर व्हीलर 1944 मध्ये सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण वर्ग घेतला. चौकोन आखायचे, दोन चौकोनांत न खणलेला बांध ठेवायचा आणि त्याच्या उभ्या छेदात थर वाचायचे, ही शिस्त तिथून देशभर पसरली. ती शिकले ते अधिकारी आणि विद्यार्थी. मजुरांना ती कुणी फळ्यावर शिकवली नाही, ती त्यांनी हाताने उचलली.

थर बदलला की खुरपीखाली आवाज बदलतो, माती हलकी लागते, ओल वेगळी जाणवते. मातीच्या भिंतीभोवती ढासळलेली मातीच असते, रंग तोच, फक्त घट्टपणा वेगळा. वीटभट्टीवर राबलेल्या माणसाला कच्ची वीट बोटांनी कळते. जुन्या वस्तीत कुणीतरी नंतर खड्डा खणलेला असतो आणि त्यातली खापरे वरच्या काळाची असतात. खड्ड्याची कड चुकली तर दोन काळ एकाच पिशवीत जातात आणि मग कुठलीही प्रयोगशाळा ते वेगळे करू शकत नाही. उत्तरेकडच्या काळ्या झिलईच्या खापरावर नख मारले की धातूसारखा नाद येतो. मी पाहिलेल्या खोदकामांत जाणते मजूर ते खापर न पाहता, कानाने ओळखून बाजूला ठेवत. वर पिशवीला चिठ्ठी लावणारा विद्यार्थी ‘थर चार’ लिहितो तेव्हा तो निर्णय खाली आधीच झालेला असतो.

दिवसही ठरलेला असतो. पौषात बनारसचे धुके दहा-दहा वाजेपर्यंत हटत नाही, तोवर छेदाचे छायाचित्र घेता येत नाही. मग पाणी शिंपडून, छेद ताजा तासून थर उठावदार केले जातात. घमेली चाळणीवर जातात. खापरे धुऊन, वाळवून, खुणा करून अंगणात चौकोनाचौकोनांत मांडायची. हे काम बहुधा बायका करतात आणि त्यांच्याइतकी खापरे क्वचितच कुणी हाताळलेली असतात. चैत्रात गहू कापणीला येतो आणि अर्धी माणसे शेतावर जातात. लू वाहू लागली की छेद वाळून तडकतो. मग हंगाम संपतो.

पुढच्या वर्षी हीच माणसे परत येतील याची खात्री नसते. उत्खननाचा परवाना, निधी, जागा सारे नव्याने ठरते. एका टेकाडावर तयार झालेला हात वीटभट्टीवर जातो आणि दुसऱ्या टेकाडावर नवा हात नव्याने चुकत शिकतो. आपल्याकडे इनामगावला सलग हंगाम मिळाले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात काम केले आणि सव्वाशेहून अधिक ताम्रपाषाणयुगीन घरे उलगडली. मातीच्या जमिनीवर मातीचीच घरे ओळखण्याचे हे काम सरावलेल्या हातांवाचून झाले नसते.

जगात इतरत्र काय आहे? इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पेट्री यांनी 1890च्या दशकात कुफ्त गावची माणसे तयार केली. सापडलेल्या वस्तूची बक्षिशी जागेवरच दिली की ती व्यापाऱ्याकडे जात नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या गावच्या पिढ्या पुढे देशभरातल्या उत्खननांवर मुकादम झाल्या, ‘कुफ्ती’ ही ओळखच झाली. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यात पुरातत्त्व तंत्रज्ञ हे हंगामी पद आहे. त्याला वेतनश्रेणी आणि कामाचे लेखी वर्णन असते. पण हंगामी कर्मचाऱ्याला वर्षात 1,039 तासांची मर्यादा, म्हणजे सहा महिन्यांहून कमी. तिथली माणसेही दर हिवाळ्यात नवे काम शोधतात. तरी त्या कामाला पद म्हणून नाव आहे, अनुभव कागदावर येतो आणि पुढच्या उद्यानात तो दाखवता येतो.

आपल्याकडे पुरातत्त्वाची पदविका घेतलेला तरुणही हंगामाच्या करारावर फिरतो, पण त्याच्या हाती प्रमाणपत्र तरी असते. दहा हंगाम खुरपी धरलेल्या माणसाकडे काहीच नसते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे वनखाते आणि पुरातत्त्व खाते दोन्ही आहेत आणि डोंगराच्या वाटा जाणणारे आदिवासी पाडेही आहेत. त्या पाड्यांतल्या मुलांसाठी असे एखादे हंगामी पद निर्माण करणे अशक्य नाही.

खोदकामाच्या प्रत्येक छावणीत हजेरीपट असतो. त्यात नाव असते, गाव असते, दिवस असतात, सहीच्या जागी कधी अंगठा असतो. हिशेब मिटला की तो फायलीत जातो. अहवालाच्या मागे खापरांची कोष्टके छापतो तसाच हा पटही, ज्यांची संमती असेल त्यांच्या नावांसह, छापावा. कोणत्या चौकोनात कुणी काम केले ते थरांच्या नोंदीशेजारी लिहावे. दोन हंगाम पूर्ण करणाऱ्याला खात्याने अनुभवाचा दाखला द्यावा आणि पुढच्या परवान्याच्या अर्जात प्रशिक्षित मजुरांसाठी एक रकाना ठेवावा. सिंहपूरच्या त्या म्हाताऱ्याला शोधायला कनिंगहॅमना नशिबाची साथ लागली होती. पुढच्या संशोधकाला हजेरीपटातली एक ओळ पुरेल.