वाळूमाशी राहते कोठे?

कोकणात उतरणाऱ्या आपल्या मंडळींनी ओहोटीनंतर किनाऱ्यावर पडलेल्या कुजक्या शेवाळावर बारीक माश्या भुरभुरताना पाहिल्या असतील. अशा किनारी माश्यांचे कितीतरी वंश आहेत. युरोपच्या किनाऱ्यावरचा चेर्सोड्रोमिया हा त्यांतलाच एक. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची. वाळूवर धावत बारीक किडे पकडते. काही जातींचे पंख अगदी आखूड. उडणाऱ्याला वारा समुद्रात नेणार, त्यापेक्षा धावणे बरे, असा त्यामागचा हिशेब सांगतात.

तिचा माणसाला उपद्रव नाही. उपद्रव आहे तो 'वाळूमाशी' म्हणतात त्या दुसऱ्याच माशीचा. नाव ऐकून ती समुद्राकाठची वाटते आणि सातारा-सांगलीचा माणूस निर्धास्त होतो. पण हिला समुद्र लागत नाही. रंग वाळूचा, एवढेच. बिऱ्हाड मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत. डासाला साचलेले पाणी हवे; हिची अळी शेण-पाचोळा मिसळलेल्या ओल्या मातीत वाढते. अंग केसाळ, बसली की पंख उभे, आणि उडणे म्हणजे नुसत्या टुणटुण उड्या. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत येते. चावते ती मादी.

१९६५ साली नागपूरकडच्या चांदीपुरा येथील दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला मिळाले. पुढे औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो आढळला. बरीच वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. २००३ साली आंध्रात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. तपासणीत हाच विषाणू निघाला. पुष्कळशी मुले दोन दिवसांच्या आत गेली. २०२४ साली गुजरातेतही मुलांचे बळी गेले. यावर लस नाही, नेमके औषध नाही.

आम्ही चळवळीतली माणसे घराचा प्रश्न भाड्यात आणि चौरस फुटांत मोजतो. भिंतीच्या भेगा मोजत नाही. २०१९ च्या कृष्णेच्या पुराने किती मातीच्या भिंतींना तडे गेले, हे सांगलीकरांना सांगायला नको. त्या तड्यांतून आजार आला, असे मी म्हणत नाही. पण भेगा लिंपणे, गोठा झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, शेणकचरा उचलणे आणि भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत औषध फवारणे, हे उपाय माहीत आहेत. पहिल्याला गवंडी आणि पैसा लागतो, दुसऱ्याला जागा. ज्याच्या एकाच खोलीत बैल आणि पोरे निजतात, त्याच्याकडे यांतले काय आहे?