दारू सोडणाऱ्यांची सभा : आपल्याला मानवेल अशी कशी शोधावी?



खाजणात कोणतं भात लावावं, हे तुम्हाला सांगायला नको. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे वाण दिले, ते खाऱ्या जमिनीत तग धरतात म्हणूनच. गोड जमिनीतलं उत्तम बी खाजणात जळून गेलं, तर दोष बियाण्याचा नसतो; जागा चुकलेली असते.

दारू सोडणाऱ्यांच्या सभांचंही असंच आहे. एखादा गडी मोठ्या हिमतीनं पहिल्या सभेला जातो. तिथं मन लागत नाही. ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून तो घरी बसतो आणि पुन्हा बाटलीकडे वळतो. खरं तर त्यानं एकच सभा पाहिलेली असते.

उलवे, तरघर, कोंबडभुजे या गावांची जमीन आधी नवी मुंबईसाठी आणि पुढे विमानतळासाठी गेली. शेतीचा रोजचा राबता तुटला. अशा वेळी ज्या घरात दारू शिरली, तिथं मोबदल्याचा पैसाही टिकत नाही आणि माणूसही. म्हणून हा विषय आपल्या कार्यक्रमाचाच आहे.

ही सभा म्हणजे काय?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’, ही संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली. शेअरबाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले. एकमेकांशी मोकळं बोललं की आजचा दिवस दारूविना निघतो, हे त्यांना उमगलं. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

सभेला फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. पूर्ण नाव सांगावं लागत नाही. तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, असा रिवाज आहे. सभेत देवाचं नाव निघतं, पण तो ज्याच्या त्याच्या समजुतीचा. सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरली, म्हणून ती त्या धर्माची किंवा शाळेची होत नाही.

सभा कशी निवडावी?

१. पत्ता आधी विचारून घ्या. एए चं भारताचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मानसोपचाराचे डॉक्टर यांच्याकडेही चौकशी करा. व्यसनमुक्तीची सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ वर मिळते. वार, वेळ, जागा बदलते. निघण्यापूर्वी खात्री करा.

२. भाषा पाहा. मनातलं दुखणं परक्या भाषेत निघत नाही. सभा मराठी, हिंदी की इंग्रजी, ते विचारा. आपल्या आगरी बोलीत बोललात तरी कोणी हसणार नाही.

३. खुली की बंद? खुल्या सभेला घरची माणसंही बसू शकतात. बंद सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. बिचकत असाल तर पहिल्यांदा खुल्या सभेला जा, सोबत कोणाला तरी न्या.

४. अंतर आणि वेळ. गावात ओळखीचे भेटतील ही लाज वाटत असेल, तर बामणडोंगरी किंवा खारकोपरहून लोकल धरून बेलापूर, नेरुळकडच्या सभेची चौकशी करा. मात्र परतीची गाडी बघून ठेवा. जिथं दर आठवड्याला जाता येईल, तीच सभा कामाची.

५. माणसं पाहा. दारू सोडून काही वर्षं झालेले तिथं आहेत का? नव्या माणसाला बोलू देतात का? कोणी पैसे मागितले, डॉक्टरांचं औषध बंद करायला सांगितलं किंवा बाईमाणसाला अवघडल्यासारखं झालं, तर ती सभा सोडा. सभांना जाणं मात्र सोडू नका.

एकाच सभेवरून निकाल लावू नका. निदान पाच-सहा सभा पाहा, वेगवेगळ्या जागी. सुरुवातीला बोललंच पाहिजे असं नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं. एक जागा मानवली की ती धरून ठेवा. तिथल्या एखाद्या जुन्या, जाणत्या सभासदाचा दूरध्वनी क्रमांक घ्या. संध्याकाळी तलफ आली की गुत्त्याची वाट धरण्याआधी त्याला फोन लावायचा.

सावधान!

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडू नये. हात कापणं, घाम, भास, फिट असा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. आधी डॉक्टरांना दाखवा. गरज पडली तर दाखल व्हा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे असं दाखल होऊन उपचार घेण्याचं ठिकाण आहे. सभा ही औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे.

घरच्यांसाठी

भगिनींनो, नवरा सभेला जावो न जावो, तुम्ही जाऊ शकता. पिणाऱ्याच्या घरच्या माणसांसाठी ‘अल-अनॉन’ ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. दारू लपवणं, उसनवारी फेडणं, कामावर खोटं कारण कळवणं यात तुमचा जीव किती झिजतो, ते तिथल्या बायकांना सांगावं लागत नाही.

मधेच पाय घसरला, एखादा दिवस प्यायली गेली, तरी पुढच्या सभेला जाच. आवणातलं रोप वाहून गेलं तर आपण शेत पडीक टाकत नाही, दुबार लावणी करतो. या आठवड्यात एका सभेचा पत्ता काढा. वार आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा.