गायरानातील गवत : कापणीची वेळ आणि वैरणीचा कस

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत येथे जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा जिल्ह्यात डोंगरउतारावर व गायरानात वाढणारे गवत हे गावाचे धनच होय.

हे धन राखता येते, हे नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतरच्या काळात गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, उतारांवर समपातळी चर खोदले आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. तेथील गवताचे उत्पादन २००० मधील सुमारे १०० टनांवरून २००४ मध्ये सुमारे ६,००० टनांवर गेल्याची नोंद आहे.

गवत वाढले की पुढचा प्रश्न त्याच्या कसाचा. पवना, मारवेल यांसारखी गवते फुलोऱ्यात येईपर्यंत पालेदार व सकस असतात. बी धरून ती पिवळी पडली की प्रथिने झपाट्याने घटतात व काडी निबर होते. वैरणीत सुमारे ७ टक्के प्रथिने असली तरच जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांचे पचनकार्य नीट चालते. दिवाळीनंतर कापलेल्या गवताने पोट भरते, पण दूध वाढत नाही, ते यामुळेच. कुसळी गवताची कुसळे तर टणक झाल्यावर मेंढ्यांच्या तोंडात व लोकरीत रुततात.

कापणी लांबते याला शेतकऱ्याची हयगय कारणीभूत नसते. गवत फुलोऱ्यात येते त्याच सुमारास रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई असते आणि परतीचा पाऊसही डोक्यावर असतो. म्हणून सर्व गवत एकदम न कापता उघडीप पाहून थोडे थोडे कापावे. निम्मे गवत फुलोऱ्यात आले की आरंभ करणे इष्ट. कापलेले गवत पातळ पसरावे व दिवसातून एकदोनदा उलटावे. ओलावा सुमारे १५ टक्क्यांवर आला म्हणजे गंज रचावी. उत्तम वाळलेल्या गवताला हिरवट छटा व सुवास असतो. ओलसर गवताची गंज आतून तापते व तीत बुरशी धरते; अशी वैरण जनावरांना घालू नये. लसूणघासाची पाने वाळताना झडतात, म्हणून तो सावलीत वाळवणे श्रेयस्कर.

दरवर्षी सर्वच गवत फुलोऱ्यात कापले, तर जमिनीत बी पडणार नाही. यासाठी गायरानाचे चार भाग पाडून दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत राखावा. विरळ जागी पावसाच्या आरंभी स्टायलोचे बी टाकल्यास ही द्विदल वैरण चाऱ्यातील प्रथिने वाढविते व जमिनीसही नत्र देते. वैरण पिकांच्या सुधारित वाणांविषयी राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन घेता येईल.

उशिरा कापलेले गवत वा निकृष्ट काड हाती असेल, तर १०० किलो वैरणीस ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडावा व ढीग २१ दिवस हवाबंद झाकावा. उघडल्यानंतर वास उडून गेल्यावरच ती वैरण मोठ्या जनावरांस थोडी थोडी सवयीने द्यावी. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये.

शेवटी एका गोष्टीचे भान आवश्यक आहे. ज्यांना स्वतःची जमीन नाही, अशा शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबांचा निर्वाह गायरानावरच चालतो. चराईबंदीचा भार केवळ त्यांच्यावर पडला, तर ती फार काळ टिकणार नाही. कोणता भाग केव्हा बंद, कोणता मोकळा, कापणी कोणत्या दिवशी आणि कोणाचा वाटा किती, हे ग्रामसभेने त्यांच्या उपस्थितीत पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. गवताची वाढ पावसाच्या हाती असली, तरी त्याचा कस राखणे आणि त्याची न्याय्य वाटणी करणे गावाच्याच हाती आहे.