पोटातलं बिऱ्हाड

परदेशात नवं बिऱ्हाड थाटलं की आपण आधी काय शोधतो? विरजण! आम्हीही एका मराठी कुटुंबाकडून वाटीभर आणलं होतं. दही लागलं आणि घर घरासारखं वाटू लागलं. पण दह्यातले जिवाणू आपल्या पोटात बिऱ्हाड करतात का? बहुतेक नाही. पाहुण्यासारखे येतात नि जातात.

मग मुक्काम ठोकतं कोण? नेब्रास्का विद्यापीठातल्या येन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली रॉयटेरी नावाच्या उपकारक जिवाणूवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. माणूस, डुक्कर, कोंबडी, उंदीर अशा निरनिराळ्या यजमानांकडचे रॉयटेरी त्यांनी जंतुविरहित उंदरांना दिले. सकाळी दातांवर जाणवतो तसा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, जठराच्या भिंतीवर धरला तो फक्त उंदरांकडच्या वाणांनी. नाव एकच, पण कूळ वेगळं!

कारण जनुकांत सापडलं. भिंतीला चिकटायला एक खास प्रथिन लागतं. ते पेशीबाहेर पोचवणाऱ्या यंत्रणेतलं ‘सेक-ए-टू’ हे जनुक काढून टाकलं, तर थर जवळजवळ नाहीसाच झाला. म्हणजे पहिला पाय रोवणंच महत्त्वाचं. हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

अर्थात हे उंदरांतलं काम. माणसाला जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी प्रोबायोटिक गोळ्यांची महागडी बाटली घेताना जिवाणूच्या नावापुढचा वाणाचा क्रमांकही बघावा, बरं का. आणि दही? ते रोज खावं. रोज येणारा पाहुणा घरचाच होतो!