कितवी आली?

जानेवारी २०२४. सकाळचे साडेसहा. एका शेगडीवर चहा, दुसरीवर तवा, आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. माझे हात कणकेचे, त्यामुळे करंगळीनं स्क्रीन वर सरकवायची कसरत चाललेली. शेजारी लेक इतिहासाचं पुस्तक उघडं टाकून बसलेली. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आणि बाईसाहेब विचारतायत, ‘‘आई, जपानची कितवी?’’

‘‘थांब गं, अजून खाली सगळ्या यायच्यात.’’

सासूबाई देवघरातून म्हणाल्या, ‘‘एवढ्या सकाळी कुठली मॅच?’’ मी म्हटलं, ‘‘बर्फावरची शर्यत आहे, कोरियात.’’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण घंटी जरा जोरातच वाजली!

तर मैत्रिणींनो, ही होती हिवाळी युवा ऑलिम्पिक स्पर्धा. १९ जानेवारी ते १ फेब्रुवारी २०२४, दक्षिण कोरियातल्या गँगवॉन प्रांतात. साधारण १४ ते १८ वर्षांची मुलं-मुली, ७८ देशांतून आलेली, अठराशेच्या आसपास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांची दहाची शर्यत आपल्या डब्याच्या वेळेला. आशिया खंडात ही स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. सुरुवात झाली २०१२ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला, मग २०१६ ला नॉर्वेतलं लिलेहॅमर, २०२० ला स्वित्झर्लंडमधलं लोझान. लोझानपासून तर मुलं आणि मुली अगदी निम्मे निम्मे. निम्म्या जागा मुलींना हे वाचून आपल्याला बरं वाटतं, नाही का?

आमच्या गावात बर्फ फक्त रसवंतीत दिसतो. मग आम्हाला हे वेड कसं लागलं? त्याचं कारण आमच्या माळ्यावर एका खोक्यात होतं. ते पुढे सांगते.

आधी निकाल वाचायचा कसा, ते. मला वाटायचं, पहिला-दुसरा-तिसरा बघितला की झालं. पण स्कीच्या निकालाचा कागद हा आपल्या वाण्याच्या यादीसारखा असतो, खालपर्यंत वाचला तरच हिशेब कळतो. स्लॅलम नावाच्या शर्यतीत उतारावर काठ्या रोवलेल्या असतात, त्यांच्यामधून वळणं घेत खाली यायचं. एक जरी दार चुकलं की संपलं. दोनदा उतरायचं आणि दोन्ही वेळांची बेरीज. दुसऱ्या फेरीत गंमत असते. पहिल्या फेरीत तिसावी आलेली आधी सुटते आणि पहिली आलेली त्या तीस जणींत शेवटी. त्यामुळे तक्ता सारखा हलत राहतो. पंचविसावी आलेली मुलगी काही मिनिटं का होईना, जगात पहिल्या नंबरवर दिसते! लेक म्हणायची, ‘‘आई, पटकन फोटो काढ स्क्रीनचा, आत्ता ही पहिली आहे.’’

आणि तक्त्याच्या अगदी तळाशी इंग्रजी अक्षरं. डीएनएफ, म्हणजे शर्यत पुरी केली नाही. डीएनएस, म्हणजे सुरूच केली नाही. डीएसक्यू, म्हणजे बाद. पदकवाल्या तिघी, आणि तळाशी कितीतरी डीएनएफ. प्रत्येकीच्या मागे पहाटे उठून गाडी काढणारे कुणाचे तरी आईबाप, दुखरे गुडघे, बुडालेली शाळा, आणि कागदावर तीन अक्षरं. मला सुरुवातीला ते बघून कसंसंच व्हायचं. लेक मात्र शांतपणे सांगायची, ‘‘अगं, ती जोरात गेली म्हणून पडली. हळू गेली असती तर पुरी केली असती.’’

गँगवॉनचा एक निकाल मात्र आम्ही दोघींनी दोनदा वाचला. मोनोबॉब म्हणजे एकटीनं ढकलत नेऊन आत उडी मारायची अशी घसरगाडी. बर्फाच्या नळीतून ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात. मुलींमध्ये सुवर्ण डेन्मार्कच्या माया व्हॉइटला. दुसरी कोण? थायलंडची अग्नेसे काम्पेओल. थायलंड! जिथे आपले लोक समुद्रात डुंबायला जातात. मुलांमध्ये कोरियाच्या मुलामागे दुसरा आला ट्युनिशियाचा जोनाथन लुरिमी. ट्युनिशिया आफ्रिकेत, सहाराच्या कडेला, आणि हिवाळी युवा स्पर्धेत तो देश उतरलाच होता पहिल्यांदा. चमत्कार वगैरे नव्हता तो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकसाठी कोरियानं बांधलेला ट्रॅक पुढे ओस पडू नये म्हणून तिथल्या संस्थेनं बर्फ नसलेल्या देशांतल्या मुलांना बोलावून शिकवलं होतं. कुणीतरी जागा दिली, गाडी दिली, शिकवायला माणूस दिला. बाकीचं पोरांनी केलं.

पण मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटली ती जपानची सारा ताकानाशी. तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

स्की जंपिंग म्हणजे उंच उतारावरून घसरत येऊन हवेत झेप घ्यायची आणि शंभरेक मीटरवर जाऊन उतरायचं. पुरुषांसाठी हा खेळ १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून आहे. बायकांना मात्र प्रवेश नाही. का? तर २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते, की वैद्यकीयदृष्ट्या हे बायकांना योग्य वाटत नाही. (बाळंतपण योग्य, विहिरीचं पाणी शेंदणं योग्य, उडी मारणं तेवढं अयोग्य. असो.) २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकआधी काही खेळाडू बायका कॅनडात कोर्टात गेल्या. कोर्टानं मान्य केलं की हा भेदभाव आहे. पण कुठले खेळ ठेवायचे हे आंतरराष्ट्रीय समिती ठरवते, तिला आमचा कायदा लागू होत नाही, असं म्हणून निकाल विरोधात गेला.

मग आलं २०१२, पहिली हिवाळी युवा स्पर्धा. त्यात मुलींची स्की जंपिंग होती. मोठ्या बायकांना जे ऑलिम्पिकमध्ये मिळालं नव्हतं, ते त्यांच्या धाकट्या बहिणींना आधी मिळालं. सारा तेव्हा १५ वर्षांची, होक्काइदोच्या छोट्याशा कामिकावा गावातली. तिनं सुवर्ण जिंकलं. दोन वर्षांनी, २०१४ ला सोचीत, बायकांची स्की जंपिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली. पुरुषांनंतर तब्बल नव्वद वर्षांनी. त्या हंगामात बहुतेक विश्वचषक स्पर्धा साराच जिंकत होती, त्यामुळे सुवर्ण तिचंच असं सगळे धरून चालले होते. निकाल लागला. जर्मनीची कॅरिना फोग्ट पहिली, सारा चौथी.

चौथी. आपल्याकडे चौथ्या नंबराला पेढे वाटत नाहीत. पण तिचं पुढचं बघा. २०१८ ला प्योंगचांगला कांस्य. विश्वचषकात साठाहून जास्त विजय, एवढे कुठल्या पुरुषाचेही नाहीत. आणि २०२२ ला बीजिंगमध्ये मिश्र सांघिक स्पर्धेत ती बाद! पोशाख मांडीपाशी दोन सेंटिमीटर सैल निघाला म्हणून. त्या दिवशी चार देशांच्या मिळून पाच खेळाडू पोशाखावरून बाद झाल्या आणि पाचही बायकाच होत्या. जपानचा संघ चौथा आला, साराने संघाची जाहीर माफी मागितली. ब्लाउज दोन सेंटिमीटर सैल झाला तर आपण टीप मारतो आणि विसरतो. हिचं पदक गेलं.

हे मी लेकीला सांगत होते तर तिनं मलाच विचारलं, ‘‘मग आता मुलींना सगळे खेळ आहेत का?’’ नाहीत. नॉर्डिक कंबाइंड नावाचा खेळ आहे, एक उडी आणि मग बर्फावरची लांबची दौड. युवा स्पर्धेत २०२० पासून मुली तो खेळतात, गँगवॉनलाही खेळल्या. पण २०२२ साली समितीनं ठरवलं, की २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकमध्येही हा खेळ पुरुषांपुरताच राहील. म्हणजे या मुली सोळाव्या वर्षी ज्या स्पर्धेत पदक घेतात, तिचा पुढचा जिनाच नाही. त्यांचे निकाल मी मुद्दाम खालपर्यंत वाचले. म्हटलं, कुणीतरी वाचलेले असू देत.

ज्यांना जिना मिळाला त्या कुठे पोचतात तेही दिसतं. अमेरिकेची क्लोई किम २०१६ ला लिलेहॅमरमध्ये दोन सुवर्णं घेऊन गेली आणि दोन वर्षांनी, सतराव्या वर्षी, ऑलिम्पिक विजेती. चीनकडून खेळणारी आयलीन गू २०२० च्या लोझानला दोन सुवर्ण, एक रौप्य. २०२२ च्या बीजिंगलाही बरोब्बर दोन सुवर्ण, एक रौप्य. पण मला लोझानचा एक वेगळाच निकाल आवडतो. फिगर स्केटिंगच्या सांघिक स्पर्धेत देशांचे संघच नव्हते. चिठ्ठ्या टाकून मिसळलेली मुलं. जिंकली ती ‘टीम करेज’, त्यात एस्टोनियाचा मुलगा, रशियाची मुलगी, जॉर्जियाची जोडी आणि जपानची जोडी. पदकतालिकेत हे सोनं कुणाच्या नावावर घालायचं? घाला कुठंही!

आणि आपलं कुणी? आहे ना. २०१२ च्या त्याच इन्सब्रुकला, जिथे सारा जिंकली, मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर स्कीइंगला उतरली होती. तीही तेव्हा १५ वर्षांचीच. पदकाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पण जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला तिनं स्लॅलममध्ये कांस्य जिंकलं. स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तेव्हा कुठे लोकांनी विचारलं, ही कोण? २०१२ चा तक्ता खालपर्यंत वाचणाऱ्याला ती सहा वर्षं आधीच भेटली असती. तिच्याही आधी, १९८८ ला कॅनडातल्या कॅलगरीला, शैलजा कुमार स्लॅलममध्ये २८ वी आली होती. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. आपल्या पुण्याची श्रुती कोतवालही बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये भारतातर्फे खेळली. यातलं एकही नाव मला आधी माहीत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

आता माळ्यावरचं खोकं. त्यात लेकीचे चाकांचे स्केट्स होते. सातवीत असताना ती जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली आणि चौदा जणींत अकरावी आली. एसटीतून उतरलो तर कोपऱ्यावरच शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘कितवी आली?’’ मी पटकन म्हटलं, ‘‘काही नाही हो, नुसती भाग घ्यायला गेली होती.’’ लेक मागेच उभी होती. काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात स्केट्स माळ्यावर गेले. मी समजले, अभ्यास वाढला.

गँगवॉनच्या त्या दिवसांत एकदा मी तळाच्या एका मुलीबद्दल बोलून गेले, ‘‘बिचारी, एवढ्या लांब जाऊन शेवटून दुसरी.’’ लेक म्हणाली, ‘‘तिची दुसरी फेरी बघ. पहिलीपेक्षा दोन सेकंद कमी.’’ मग जरा थांबून, ‘‘माझे पण चार सेकंद कमी झाले होते. जिल्ह्याला. तू विचारलंच नाहीस.’’

तवा जळायला लागला होता, पोळी काढली. काय बोलणार? मी म्हटलं, ‘‘किती वेळ होता तुझा?’’ तिनं सांगितला. तीन वर्षं झाली होती, पण शंभराव्या भागापर्यंत पाठ.

दहावी झाल्यावर स्केट्स खाली काढले. दोन नंबरनं लहान झालेत. धाकट्या जावेच्या मुलीला बरोबर येतात. ती रविवारी येते आणि आमची बाई मोबाइलवर तिचा वेळ लावते. पुढची हिवाळी युवा स्पर्धा जानेवारी २०२८ मध्ये इटलीत आहे, डोलोमिती-वाल्तेल्लिना भागात. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास. म्हणजे सकाळची शर्यत आपल्याकडे दुपारी, भांडी आवरल्यावर. निवांत, खालपर्यंत वाचता येईल. सासूबाईंनी विचारून ठेवलंय, ‘‘तेव्हा ती थायलंडची असेल का गं?’’ नसेल बहुतेक, वय बसणार नाही. पण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.