प्लग पांढरा का पडला?

डर्ट ट्रॅकवर सरावाच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसते. मुलगा दोन-तीन फेऱ्या मारून येतो, मेकॅनिक पाना लावून प्लग काढतो आणि चार डोकी त्या बोटभर वस्तूवर वाकतात. कुणी म्हणतो ‘काळा आहे’, कुणी म्हणतो ‘पांढरा पडलाय’. लगेच दुसऱ्या नंबरचा प्लग बसतो आणि गाडी पुन्हा ट्रॅकवर जाते. वैद्याने जीभ पाहून पुडी द्यावी, तसाच हा प्रकार. जीभ पाहण्यात चूक काही नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर.

प्लगचे काम वरवर पाहता सोपे. दोन टोकांमध्ये साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटरची फट असते. कॉइलकडून आलेली हजारो व्होल्टची वीज ती फट ओलांडते, ठिणगी पडते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १२ हजार फेरे घेत असेल, तर ही ठिणगी सेकंदाला २०० वेळा पडते. पण शर्यतीच्या गाडीसाठी प्लग निवडताना ठिणगीपेक्षा उष्णतेचा हिशेब मोठा. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिले तर काजळी साचते, वीज तिच्यातूनच निसटते आणि गाडी मिसिंग करू लागते. उलट टोक ८०० अंशांच्या बरेच पुढे गेले, की ते निखाऱ्यासारखे होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते.

या पट्ट्यात राहण्यासाठी ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ प्लग असतात. हॉट प्लगची ठिणगी जास्त गरम, हा समज अनेकांच्या मनात घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. फरक आतल्या पांढऱ्या सिरॅमिक नाकाच्या लांबीत असतो. नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबची वाट पडते आणि टोक तापलेले राहते. हा हॉट प्लग. आखूड नाकाचा तो कोल्ड. कॉम्प्रेशन वाढवलेल्या आणि सतत पूर्ण थ्रॉटलवर पळणाऱ्या इंजिनाला कोल्ड प्लग लागतो. तोच प्लग ऑफिसला जायच्या गाडीत बसवला, तर सिग्नलला थांबत थांबत काळा पडतो. शर्यतीचा प्लग म्हणून तो अधिक चांगला, असे मुळीच नाही.

नंबरांचा घोळ वेगळाच. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो. बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर आकडा वाढला की हॉट. कंपनी बदलताना ‘एक नंबर वर’ एवढेच लक्षात ठेवणारा नेमका उलटा प्लग घेऊन येतो. आट्यांची लांबीही जुळायला हवी. प्लग जास्त लांब असला तर पिस्टन त्यावर आदळू शकतो.

आता रंगाकडे. फिकट तपकिरी रंग निरोगी. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा प्लग फार कोल्ड. काळा आणि ओला असेल तर तेल. मात्र हा रंग वाचायचा असेल तर पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवावी लागते, तीही सरावात आणि मागे कुणी नसताना. हळूहळू चालवत परत आणलेल्या गाडीचा प्लग शेवटच्या दोन मिनिटांचीच गोष्ट सांगतो. शिवाय शिसेविरहित पेट्रोलमध्ये नव्या प्लगवर रंग चढायला वेळ लागतो. एका फेरीनंतरचा पांढरा प्लग आजारी असतोच असे नाही.

पण वापरलेला प्लग पांढराफटक, फोड आलेला दिसला, तर धोका खरा. मिश्रणात पेट्रोल कमी असेल, कार्ब्युरेटरच्या रबरी जोडातून हवा शिरत असेल, किंवा ठिणगीची वेळ फार पुढे सरकलेली असेल. अशा वेळी नुसता कोल्ड प्लग लावला तर काय होते? टोक थंड राहते, रंग सुधारतो, सगळे खूश होतात. पिस्टन मात्र तितकाच भाजत असतो. न्यूमोनियाच्या रुग्णाला पॅरासिटामॉल देऊन ताप उतरला म्हणून घरी पाठवावे, तसे हे. टू-स्ट्रोकमध्ये फुगलेला पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, त्याच क्षणी मागचे चाक अडकते आणि स्वार फेकला जातो. खांद्यावर किंवा पुढे केलेल्या हातावर पडलेल्या स्वाराचा कॉलर बोन मोडणे, ही या खेळातली नेहमीची दुखापत. हाड जुळायला प्रौढांत दीड ते तीन महिने. जुने टू-स्ट्रोकवाले दोन बोटे सतत क्लचवर ठेवतात, ती याच भीतीने. तेव्हा आधी मेन जेट, हवेची गळती आणि टायमिंग तपासावे. प्लगचा नंबर त्यानंतर.

बदलताना इंजिन थंड होऊ द्यावे, भोवतीची माती फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी हातानेच फिरवावा. आटे स्लिप झाले तर हेडचे काम निघते. वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२. इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळते, म्हणून त्याचे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते आणि ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. ते टोक स्क्रूड्रायव्हरने वाकवू नये, मोडते. आणि इरिडियमने गाडीची ताकद वाढते म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याची बहुधा निराशाच होते.

घाईत गरम हेडला हात लागलाच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. टूथपेस्ट, हळद, ग्रीस काही लावू नये. ठिणगी तपासताना काढलेला प्लग हातात धरू नये, आणि उघड्या भोकाजवळही नको. किक मारली की तिथून पेट्रोलचा फवारा येतो आणि ठिणगीने पेट घेतो. या विजेचा झटका सहसा जीव घेत नाही, पण हात झटक्यात मागे जाऊन कोपर फुटल्याचे प्रकार होतात. पेसमेकर बसवलेल्याने मात्र चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावूच नये. काम दुसऱ्याला करू द्यावे आणि आपण हातभर लांब उभे राहावे.