चित्रेच्या खालचा गोळा

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदरा आहे. प्रवरेवर तिथे मोठे धरण आहे. मे महिन्यात चंद्र नसलेल्या रात्री, दहा-साडेदहाला, दिव्यांपासून दूर जाऊन उभे राहा. तोंड दक्षिणेला करा. वर चित्रेचा पांढरा ठळक तारा दिसेल. शेतकऱ्याला चित्रा काही नवी नाही! आता हात लांब करा. चित्रेपासून सरळ खाली सुमारे दोन विती मोजा. डोंगर आड आला नाही, तर तिथे एक पुसट ठिपका दिसेल.

तो एक तारा नव्हे, बरं का. तो ताऱ्यांचा गोळा आहे. त्यात सुमारे १ कोटी तारे आहेत. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला एकेक झाड काजव्यांनी लगडते ना, तसे. या गोळ्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात. त्याचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे १७,००० वर्षे लागतात.

इतके तारे एका जागी का राहतात? ते एकमेकांना ओढून धरतात म्हणून. या ओढीलाच गुरुत्वाकर्षण म्हणतात. पण त्यांना ओढणारे आणखी कोणी आहे. ती आपली आकाशगंगा. हा गोळा तिच्या मध्याभोवती फेरे घालतो. मध्याकडच्या बाजूला तिची ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. त्यामुळे गोळा ताणला जातो. चंद्राच्या अशाच कमी-जास्त ओढीने समुद्राला भरती येते.

गोळ्याच्या पोटातले तारे घट्ट धरलेले असतात. कडेच्यांवरची पकड सैल. तेच निसटतात. मग ते जातात कुठे?

मळणीचे खळे आठवा. तिवड्याजवळच्या बैलाचा फेरा लहान, कडेच्या बैलाचा मोठा. दावण सोडली तर आतला बैल फेरा आधी पुरा करील, बाहेरचा मागे पडेल. ताऱ्यांचेही तसेच होते. आतल्या बाजूने सुटलेले पुढे जातात, बाहेरचे मागे राहतात. गोळ्याला पुढे एक आणि मागे एक अशा दोन शेपट्या फुटतात.

ओमेगाचे असे हरवलेले तारे २०१९ साली सापडले. युरोपने अवकाशात सोडलेल्या गाया दुर्बिणीने ताऱ्यांची जी मोजणी केली, तिच्यातून ते हाती लागले. आम्हाला या कामाचे मोठे नवल वाटते. लाखो ताऱ्यांच्या गर्दीतून कोण कुठून आला हे चालीवरून ओळखायचे!

ओमेगा वजनाने भारी, म्हणून टिकून आहे. पालोमार ५ नावाचा गोळा हलका आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या शेपट्या २००१ साली दिसल्या. गोळ्यात उरलेत त्याहून जास्त तारे आता त्या शेपट्यांत आहेत. शास्त्रज्ञांचा हिशेब असा, की आणखी सुमारे १०० कोटी वर्षांनी तिथे गोळा नसेल, नुसती ताऱ्यांची लांब रांग असेल.